किल्ली खरी कोणाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून, तो एखाद्या यंत्रशास्त्राच्या वर्गात शोभण्यासारखा आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मनोरे नसलेली बिनतारी जाळी, त्यांतील सार्वजनिक किल्ल्या आणि त्या किल्ल्यांची शहानिशा, ही भाषा खरोखरच रूक्ष आहे. परंतु या टरफलाच्या आत जो गर आहे तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. समोरचा मनुष्य ज्याचे नाव सांगतो तोच तो आहे, हे ओळखावे कशावरून, एवढाच तो प्रश्न. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला. रत्नागिरीच्या किल्लेदाराने त्याला उचलून धरले आणि कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले. १७७६ साली पुण्यास त्याला देहान्त शासन झाले, तेव्हा कोठे ते प्रकरण मिटले. नुसत्या नावाला भुलून गडांचे दरवाजे उघडले गेले, हे त्या बंडाचे सार होय.

बरोबर दोनशे वर्षांनी, १९७६ साली, हाच प्रश्न नव्या वेषात गणितज्ञांच्या दारी येऊन उभा राहिला. त्या वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, एकमेकींपासून थोड्याच मैलांच्या अंतरावर, दोन गोष्टी घडल्या. त्या वेळी त्यांचा परस्परांशी संबंध आहे असे फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. आजच्या कथेतील दोन प्रवाह मात्र तेथेच उगम पावतात.

पहिली गोष्ट ऑगस्ट महिन्यातली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने १९७३ पासून बिनतारी जाळ्याचा एक प्रयोग चालविला होता. त्यातील कल्पना अशी की, संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत आणि तारेवाचून, एका यंत्राने दुसऱ्याच्या व दुसऱ्याने तिसऱ्याच्या हाती देत ते मुक्कामी पोचवावेत. तारा तुटतात, केंद्रे शत्रूच्या माऱ्यात सापडतात. तेव्हा जे जाळे सैन्याबरोबर हिंडेल आणि एक यंत्र गेले तरी दुसऱ्या वाटेने संदेश नेईल, असे जाळे लष्कराला हवे होते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी एका उपाहारगृहाच्या अंगणात बसून, बाहेर उभ्या केलेल्या गाडीतील यंत्राच्या साहाय्याने, या बिनतारी जाळ्यावरून पलीकडच्या तारेच्या जाळ्यात संदेश पोचवून दाखविला.

दुसरी गोष्ट नोव्हेंबर महिन्यातली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांचा गुप्तलेखनाच्या नव्या दिशांसंबंधीचा निबंध प्रसिद्ध झाला. राल्फ मर्कल हे तरुण संशोधकही स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. ब्रिटिश सरकारच्या गुप्त खात्यात जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांना १९७० ते १९७४ या काळात हीच युक्ती सुचलेली होती. परंतु ती गोष्ट १९९७ पर्यंत बाहेर आली नाही. युक्ती अशी. तोपर्यंत ज्या दोघांना गुप्त पत्रव्यवहार करावयाचा, त्यांना आधी कोठेतरी भेटून अगर विश्वासू जासुदाकरवी एक समाईक किल्ली ठरवून घ्यावी लागे. नव्या पद्धतीत प्रत्येकाजवळ दोन वस्तू असतात. एक उघडे कुलूप, ज्याच्या हव्या तितक्या प्रती करून गावभर वाटाव्यात, आणि दुसरी ते उघडण्याची किल्ली, जी कधीही कोणाला द्यावयाची नाही. माझ्या कुलपाने पेटी बंद कोणीही करावी. उघडीन मी एकटा. शास्त्रज्ञ या कुलपाला सार्वजनिक किल्ली म्हणतात आणि दुसरीला खाजगी. खाजगी किल्लीने मजकुरावर सही करता येते आणि सार्वजनिक किल्लीने ती सही कोणालाही पडताळता येते. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ही कल्पना व्यवहारात उतरविण्याची एक उत्तम रीत शोधून काढली.

कधीही न भेटलेल्या दोन माणसांना गुप्तपणे बोलता येऊ लागले, हा मोठाच पराक्रम होता. परंतु विहिरीवरचे झाकण एकीकडे सरकवावे आणि दुसरीकडची बाजू उघडी पडावी, तसे येथे झाले. गोविंदाचे कुलूप मागविण्यासाठी माधवाने निरोप धाडला. वाटेत एक तोतया बसला आहे. त्याने गोविंदाचे कुलूप ठेवून घेतले आणि आपले स्वतःचे कुलूप गोविंदाचे म्हणून पुढे पाठविले. माधव निःशंकपणे ते लावून पेटी पाठवितो. तोतया ती उघडतो, वाचतो, हवा तो फेरफार करतो आणि गोविंदाचे खरे कुलूप लावून पुढे रवाना करतो. दोघांनाही वाटते, आपला व्यवहार अगदी सुरक्षित आहे. कुलूप अभेद्य आहे, गणित निर्दोष आहे; फक्त कुलूप भलत्याचे आहे. किल्ली गुप्त कशी ठेवावी हा जुना प्रश्न सुटला आणि त्याच्या जागी, ही किल्ली खरी कोणाची, हा नवा प्रश्न आला.

डिफी आणि हेलमन यांनी यावर एक सार्वजनिक नोंदवही सुचविली होती. जिला जिचे तिचे कुलूप विचारावे अशी ती वही. १९७८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात तिच्यापुढचे पाऊल टाकले. प्रत्येक वेळी वहीकडे धावण्यापेक्षा, वही सांभाळणाऱ्यानेच ‘हे कुलूप अमक्याचे’ असा दाखला एकदा सही करून द्यावा आणि तो ज्याने त्याने जवळ बाळगावा, अशी त्याची सूचना. हेच आजचे प्रमाणपत्र. १९८८ साली त्याचा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला. पुढे इंटरनेटवरील व्यापार आणि बँकांचे व्यवहार याच दाखल्यांवर उभे राहिले. आपल्याकडेही २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने असे दाखले देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणारा नियंत्रक नेमण्याची तरतूद केली.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची दुर्बलता ही दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. साऱ्यांचा विश्वास एका पेढीवर. ती पेढी बुडाली की सारे बुडाले. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार नावाच्या अशा एका संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी तिच्याच नावाने शेकडो खोटे दाखले काढले. त्यांपैकी गूगलच्या नावाचा दाखला वापरून इराणमधील सुमारे तीन लाख लोकांच्या पत्रव्यवहाराच्या मध्ये तोतया बसविण्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे निघाले. तरीही दैनंदिन व्यवहारात ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण दाखला देणारा, तो रद्द झाला का हे सांगणारा, आणि विचारणारा, या सर्वांना जोडणारी तार सतत चालू असते.

आता ती तारच नाही अशी कल्पना करा. कल्पना तरी कशाला? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहराच्या अनेक भागांत मोबाईल मुके झाले. खिशात यंत्र होते, पण त्याला जोडणारा मनोरा स्तब्ध होता. अशा वेळी मनोऱ्यावाचून यंत्रे आपापसांतच जाळे विणू शकली तर? प्रत्येक यंत्र स्वतःचा संदेश पाठवील आणि शेजाऱ्याचाही पुढे ढकलील. यालाच आयत्या वेळचे जाळे म्हणतात. १९७६ च्या त्या गाडीचाच हा वंशज. १९९७ मध्ये इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या संघटनेने अशा हिंडत्या जाळ्यांसाठी एक स्वतंत्र मंडळ नेमले आणि २००३ मध्ये त्यातील संदेशांची वाट शोधण्याचे नियमही प्रसिद्ध झाले.

परंतु या जाळ्यात तोतयाची चंगळच असते. तारेत शिरावयाचे तर भिंत तरी फोडावी लागते. हवेतले बोलणे कोणीही ऐकावे आणि हवेत कोणीही बोलावे. शिवाय येथे प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा हमाल आहे, म्हणजे प्रत्येकाला मध्ये बसण्याची संधी आपोआपच मिळते. आणि ज्या नोंदवहीला विचारावयाचे ती तर मनोऱ्याबरोबरच गेली. सुटकेसाठी येणारी होडी कोणत्या गल्लीत पाठवावी हे सांगणारा संदेश खऱ्या पथकाचा की एखाद्या खोडसाळाचा, हे ठरविण्यावर तेथे माणसांचे प्राण अवलंबून असतात.

१९७६ चे ते दोन प्रवाह खऱ्या अर्थाने एकत्र आले ते १९९९ मध्ये. त्या वर्षी दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि पुढच्या दहा वर्षांच्या विचाराला त्यांनी दोन वाटा आखून दिल्या.

पहिला निबंध कॉर्नेल विद्यापीठातील लिडाँग झाऊ आणि झिग्मंट हास यांचा. त्यांनी असा विचार केला की, दाखले देणारा एक अधिकारी ठेवणे धोक्याचे असेल, तर त्याचे अधिकार वाटून टाकावेत. यासाठी त्यांनी १९७९ सालच्या शमीर यांच्या एका शोधाचा आधार घेतला. शमीर यांनी एक जुने कोडे पुढे ठेवले होते. अकरा शास्त्रज्ञांना आपली कागदपत्रे अशा रीतीने बंद करावयाची आहेत की, कोणतेही सहाजण एकत्र आल्याशिवाय ती उघडू नयेत. साधी कुलपे वापरावीत तर ४६२ कुलपे लागतात आणि प्रत्येकाला २५२ किल्ल्या घेऊन हिंडावे लागते! शमीर यांनी हे गणिताने सोपे केले. कागदावर एक बिंदू दिला तर त्यातून अगणित सरळ रेषा जातात. दोन दिले की रेषा एकच. गुपित त्या रेषेवर दडवून प्रत्येकाला तिच्यावरचा एकेक बिंदू दिला, तर एकट्याला काहीच कळत नाही आणि कोणतेही दोघे मिळून गुपित सांगू शकतात. रेषेऐवजी वक्ररेषा घेतली की दोनाऐवजी तीन, सहा, हवे तितके भागीदार अट म्हणून घालता येतात. झाऊ आणि हास यांनी दाखले देणाऱ्याची खाजगी किल्ली अशीच अनेक यंत्रांत वाटली आणि वेळोवेळी हे वाटे बदलत राहण्याचीही सोय ठेवली, म्हणजे चोराने आज एक व महिन्याने दुसरा वाटा मिळविला तरी त्यांची जोडणी होऊ नये. २००१ मध्ये लॉस एंजलिसमधील संशोधकांनी तर हे वाटे जाळ्यातील प्रत्येक यंत्राला दिले. ठराविक संख्येचे शेजारी जमले की पंचायत भरली आणि दाखला मिळाला!

पंचायतीची ही कल्पना मोठी मोहक आहे. पण तिला दोन शंका विचारल्याच पाहिजेत. वाटे प्रथम कोणी वाटले? ज्याने वाटले त्याला कोणीतरी आधी ओळखत असलाच पाहिजे. आणि पंच पाच दिसतात, ते पाचच आहेत कशावरून? २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन डूसर यांनी दाखवून दिले की, कोणीही मध्यवर्ती ओळखणारा नसेल, तर एकच यंत्र अनेक नावे धारण करू शकते आणि व्यवहारात ते रोखता येत नाही. आपल्याकडचा बहुरूपी निदान एका वेळी एकच सोंग आणतो. हा बहुरूपी एकाच वेळी पाचही पंच होऊन बसतो आणि स्वतःलाच दाखला देतो.

दुसरी वाट लोकांच्या परस्पर ओळखीची. १९९१ साली फिल झिमरमन यांनी खाजगी टपालाचे रक्षण करणारी एक संगणकीय योजना लोकांना दिली, आणि पुढे तिच्यात दाखले देण्याचे काम पेढीकडे न ठेवता मित्रांकडे सोपविले. मी माझ्या ओळखीच्याच्या किल्लीवर सही करावी, त्याने त्याच्या ओळखीच्याच्या. आपल्या जुन्या बाजारपेठांना ही रीत नवी वाटली नसती. शाहजोग हुंडी घेऊन कोणीही सोम्यागोम्या आला तर पैसे मिळत नसत. ते बाजारात पत असलेल्या शहाच्या हातीच द्यावयाचे असत. म्हणून अनोळखी माणसाला ओळखीच्या शहामार्फत यावे लागे. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रशास्त्र संस्थेतील झाँ-पिएर हुबो, लेव्हेंटे बुट्यान आणि सर्जान चापकुन यांनी २००१ ते २००३ या काळात ही रीत मनोऱ्यावाचूनच्या जाळ्यांसाठी बसवून दिली. प्रत्येक यंत्राने थोडे दाखले जवळ ठेवावेत. दोन यंत्रांची गाठ पडली की आपापले गाठोडे सोडून एकत्र मांडावे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत ओळखीची साखळी लागते का ते पाहावे. बहुतेक वेळा ती लागते, असे त्यांना आढळले. पण साखळी जितकी लांब तितकी पत पातळ, हे सावकारीतले सत्य येथेही सुटत नाही. आणि साखळीचा पहिला दुवा प्रत्यक्ष ओळखीचाच असावा लागतो.

हा पहिला दुवा कसा घडवावा, याचा विचार १९९९ च्या दुसऱ्या निबंधात आहे. केंब्रिजचे फ्रँक स्टायानो आणि रॉस अँडरसन यांनी त्याला बदकाच्या पिलाचे नाव दिले. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू ज्या हलत्या वस्तूला प्रथम पाहते तिलाच आई मानते, हे कॉनराड लोरेंझ यांच्या निरीक्षणांमुळे सर्वश्रुत झाले आहे. रुग्णालयातील बिनतारी तापमापकानेही तसेच करावे, असे या दोघांचे म्हणणे. ज्या यंत्राचा त्याला प्रथम प्रत्यक्ष स्पर्श होईल, तेच त्याचे धनी. किल्ली हवेतून येऊ द्यायचीच नाही. ती टेकवून द्यायची. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील चौघांनी हा विचार आणखी सोपा केला. त्यांनी म्हटले की, भेटीच्या वेळी काही गुप्त द्यावयाचे कारणच नाही. आपल्या सार्वजनिक किल्लीचा छोटा गणिती ठसा समोरच्याला जवळून, अवरक्त किरणांसारख्या दूर न जाणाऱ्या साधनाने द्यावा. तो कोणी ऐकला तरी बिघडत नाही. फक्त तो समोर उभा असलेल्या माणसाकडूनच आला हे डोळ्यांना दिसले पाहिजे. मग पुढचे सारे बोलणे खुशाल हवेतून होऊ द्या. २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी हाच ठसा चित्राच्या रूपाने पडद्यावर दाखवून मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपण्याची रीत काढली. आणि लोझानच्या मंडळींनी २००३ साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. यंत्रे सारखी हिंडतात ही तोपर्यंत या जाळ्यांची अडचण मानली जात होती. पण माणसे हिंडतात म्हणूनच ती भेटतात, आणि भेटतात म्हणूनच त्यांच्यातील ओळखी वाढत जातात. म्हणजे जी अडचण वाटत होती तीच सुरक्षिततेच्या कामी आली.

किल्लीवरूनच यंत्राचा पत्ता तयार करावा, म्हणजे दुसऱ्याला तो बळकाविता येणार नाही, अशीही एक युक्ती निघाली आणि २००५ मध्ये तिला इंटरनेटच्या नियमांत स्थान मिळाले. ती उपयुक्त आहे. पण ‘काल बोलणारा आणि आज बोलणारा एकच’ एवढेच ती सांगते. तो कोण, हे सांगत नाही. कायम बुरखा घालून येणारा पाहुणा रोज तोच असला, तरी त्याचे नाव आपल्याला ठाऊक होत नाही.

हा सारा विद्वानांचा वाद आहे, असे कोणी समजू नये. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या रस्त्यांवर हजारो तरुण उतरले, तेव्हा मनोऱ्यावाचून मोबाईल जोडणारे फायरचॅट नावाचे साधन त्यांच्या हाती होते. त्यात संदेश उघडे होते आणि नाव वाटेल ते घेता येत होते. २०१९ च्या आंदोलनात तेथे ब्रिजफाय नावाचे दुसरे साधन पसरले. त्यात संदेशांना कुलूप होते, म्हणून लोक निर्धास्त झाले. २०२० मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी ते तपासले. त्यांना आढळले की, कुलूप कोणाचे आहे हे पाहण्याची खरीखुरी सोयच तेथे नव्हती. कोणालाही कोणाचेही सोंग घेता येत होते, दोघांच्या मध्ये बसता येत होते आणि कोण कोणाशी बोलतो याचा माग काढता येत होता. १९७६ च्या निबंधाला चव्वेचाळीस वर्षे आणि १९९९ च्या निबंधांना एकवीस वर्षे झाल्यावर, जेथे एका संदेशापायी माणूस तुरुंगात जाऊ शकत होता तेथेच, तोतयासाठी दार सताड उघडे राहिले होते.

या पन्नास वर्षांच्या इतिहासातून मला एकच निष्कर्ष निघतो असे वाटते. गणित विश्वास वाहून नेते, वाढविते, वाटून देते. पण ते विश्वास निर्माण करीत नाही. पेढीचा दाखला घ्या, पंचांचे वाटे घ्या, मित्रांची साखळी घ्या की बदकाचे पिलू घ्या. प्रत्येकाच्या मुळाशी एकदा कोणीतरी कोणालातरी प्रत्यक्ष ओळखलेले असते. मूळ भांडवल ते. गणित त्यावर व्याज देईल, पण शून्यावर व्याज चढत नाही.

याचा आपल्या व्यवहाराशी संबंध काय? व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ पासून सर्व संभाषणांना कुलूप घातले. प्रत्येक संभाषणाच्या माहितीत तेथे साठ अंकांचा एक आकडा आणि एक चौकोनी चित्र असते. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याचे चित्र टिपले की किल्ली खऱ्या माणसाचीच असल्याची खात्री पटते. झेरॉक्सच्या आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांचा विचार अशा रीतीने आपल्या खिशापर्यंत येऊन पोचला आहे. आपण कधी ते चित्र उघडून पाहिले आहे काय?

ज्यांच्या हाती गावाच्या संकटकाळाची सूत्रे असतात, त्या मंडळींना मला विशेष विनंती करावयाची आहे. पूर येईल, भूकंप होईल, मनोरे पडतील, तेव्हा आयत्या वेळी जाळे विणता येईल. पण ओळख आयत्या वेळी विणता येणार नाही. मदतपथकांनी, डॉक्टरांनी आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसावे आणि एकमेकांच्या किल्ल्या पाहून घ्याव्यात. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो एका सायंकाळचा वेळ.